मॅन लिमिट : १

आमच्या घरात फोन चालवायचं काम आईचं होतं. गॅस बुक करणं, विजेचं बिल भरणं, नागपूरच्या मावशीशी व्हिडिओवर गप्पा मारत तासभर मेथी निवडणं आणि बाबा जिवंत आहेत हे पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा कळवणं, सगळं आईच करायची. बाबांकडे बटणांचा एक जुना फोन होता. तो कपाटावर पडलेला असायचा आणि वाजला की बाबा आईला हाक मारायचे. त्यांनी आपण होऊन कोणाला फोन लावलेला मी तरी कधी पाहिला नव्हता.

आई गेली आणि हे सगळं एका दमात बंद पडलं. ते आमच्या कोणाच्या ध्यानातच आलं नाही. तेरावं उरकून मी पुण्याला परत गेले होते. महिन्याभरानं जबलपूरच्या महाराजपूर भागातल्या आमच्या घराशेजारच्या काकूंचा फोन आला. "अगं, तुझे बाबा चार दिवसांपासून कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा पिऊन राहिले. गॅस संपला वाटते. विचारलं तर म्हणतात, सब ठीक है." गॅस फोनवरून बुक करतात हे बाबांना ठाऊक होतं. कसा करतात ते ठाऊक नव्हतं, आणि विचारायची सवय तर जन्मात नव्हती.

मी मुलांना पडद्यावरून भौतिकशास्त्र शिकवते. बारावीची पोरं देशभरातून माझ्यासमोर चौकोनात बसतात. हे काम कुठूनही करता येतं, म्हणून मी सामान बांधलं आणि जबलपूरला आले. आपण फार मोठा त्याग करतो आहोत असं मला तेव्हा वाटत होतं, हेही सांगून टाकते.

माझे वडील इथल्या एका संरक्षण कारखान्यात दारूगोळा भरायच्या विभागात छत्तीस वर्षं होते. आत काय चालतं ते त्यांनी घरात कधीही सांगितलं नाही. तसा नियमच होता, आणि नियम म्हटला की बाबांचं तोंड शिवलेलं. आई थट्टेनं म्हणायची, या माणसाशी लग्न केलं तेव्हा अर्धा माणूसच घरी आला, बाकीचा गेटवर जमा आहे. त्यामुळे बाबांचं गप्प राहणं मला नवीन नव्हतं. पण मी आले तेव्हा ते ज्या तऱ्हेनं गप्प होते ते वेगळं होतं. मागच्या खोलीत पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसायचे. दाढी वाढली होती, सदरा खांद्यावर लोंबत होता. एक दिवस ज्या सायकलवरून ते तीस वर्षं ड्युटीला गेले ती त्यांनी दूधवाल्याला देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी मला कपाटापाशी उभं केलं आणि घराचे कागद कुठे, विम्याचे कुठे, पासबुक कुठे, ते एकेक करून दाखवलं. मी घाईनं कपाट लावून टाकलं. मला कशाची भीती वाटली ते मी स्वतःलाही नीट सांगत नव्हते.

डॉक्टरांनी ते सांगितलं. मी बाबांना सरकारी दवाखान्यात नेलं; तिथल्या डॉक्टरांनी त्यांना गोळ्या लिहून दिल्या आणि मला एकटीला बाहेर बोलावून विचारलं, "इन्होंने कभी कहा कि जीना नहीं है?"

"नहीं," मी म्हटलं.

"आपने पूछा?"

मी विचारलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, गोळी आपलं काम करेल, पण यांच्याशी कोणीतरी नीट बोललं पाहिजे, आणि यांनीही कोणाशीतरी बोललं पाहिजे. लवकर. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट राहिली. बाबांच्या मनात काय आहे ते त्यांच्या तोंडून कोणापुढे तरी बाहेर आलं पाहिजे. नाही आलं तर मी बापही गमावून बसेन.

गावातच एक समुपदेशक मिळाला, कमानिया गेटच्या पलीकडे एका इमारतीत पहिल्या मजल्यावर. तरुण होता, भला होता. तो खोलीत आला की बाबा उठून उभे राहायचे. तो विचारायचा, "नींद आती है?" बाबा म्हणायचे, "जी सर." "मन कैसा रहता है?" "बढ़िया सर." दोनदा गेलो आणि दोनदा हेच झालं. परतताना बड्या फुहाऱ्याच्या चौकातल्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा मी चिडून म्हटलं, "बाबा, त्याला काही सांगत का नाही तुम्ही?"

"त्यानं हिंदीत विचारलं, मी हिंदीत सांगितलं," बाबा म्हणाले.

मला हे समजायला रिक्षा घरी पोचेपर्यंतचा वेळ लागला. हिंदी ही त्यांची ड्युटीची भाषा. साहेबांपुढे उभं राहून 'सब ठीक' म्हणायची. जे ठीक नव्हतं ते बोलायला त्यांच्याकडे फक्त मराठी होती, आणि जिच्याशी ती बोलायचे ती बाई गेली होती.

मराठीतून बोलणारी समुपदेशक जबलपुरात मला काही सापडली नाही. माझ्या एका मैत्रिणीनं नागपूरच्या एका समुपदेशक बाईंचं नाव सुचवलं. त्या फक्त फोनवरून, म्हणजे पडद्यावरून बोलतात, असं कळलं. मला तर आनंदच झाला. पडदा म्हणजे माझं घरचं अंगण. आता आलीच गाडी रुळावर, असं मी मनाशी म्हटलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

आधी ॲप. ॲपला ईमेल हवा, बाबांना ईमेल नाही. मी काढून दिला. मग ओटीपी आला तो बाबांच्या बटणांच्या फोनवर, आणि फोन कपाटावर बंद पडलेला. तो चार्ज होईपर्यंत ओटीपी शिळा झाला. मग वीस प्रश्नांचा फॉर्म. प्रत्येक प्रश्नापुढे हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची रांग, आणि आपल्या मनाचा चेहरा निवडायचा. बाबा त्या चेहऱ्यांकडे बघत राहिले. मग मीच फॉर्म वाचू लागले आणि त्यांना विचारून टिचक्या मारू लागले. झोप? ठीक. भूक? ठीक. एक प्रश्न होता, आपण नसतो तर बरं झालं असतं, असं मागच्या दोन आठवड्यांत किती वेळा वाटलं? मी तो वाचला. आवाज शक्य तितका साधा ठेवला, भाजीत मीठ आहे का विचारावं तसा. बाबा म्हणाले, "नाही." मी 'अजिबात नाही'वर टिचकी मारली. मला हायसं वाटलं. आता त्या टिचकीची लाज वाटते. बापाला समोर बसवून त्याला हे विचारणाऱ्या मुलीला कोणता बाप 'हो' म्हणेल?

गुरुवारी अकराची वेळ ठरली. माझा फोन बाबांनी स्वतः चालवावा म्हणून मी त्यांना शिकवायला बसले. देशभरच्या पोरांना मी गुरुत्वाकर्षण समजावते, तर बापाला एक लिंक दाबायला शिकवणं काय कठीण? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण ज्यानं केली त्यानं मला बघूनच केली असावी. बाबांना सगळं तोंडपाठ झालं. आधी हे उघडायचं, मग निळी ओळ, मग कॅमेऱ्याला परवानगी. पण बोट लावलं की पडदा ढिम्म. छत्तीस वर्षं कसल्या कसल्या भुकट्या हाताळून त्यांच्या बोटांची कातडी सुकून गुळगुळीत झाली होती. पेन्शनच्या वेळीही अंगठा उमटत नाही म्हणून आई त्यांचे हात खोबरेल तेलानं चोळून द्यायची. पडद्याला ते बोट बोटच वाटत नव्हतं. बाबा दाबत होते, जोरानं दाबत होते, आणि मी बाजूला बसून "हळू, बाबा, हळू" म्हणत होते. तिसऱ्या दिवशी माझा तोल गेला.

"अहो, सहावीतलं पोर करतं हे!"

बाबांनी फोन पलंगावर ठेवला. "तर मग सहावीतल्या पोराला दे," ते म्हणाले.

मी हात टेकले आणि ठरवलं की फोन मीच लावून देईन. मागच्या खोलीत टेबलावर पिठाचा डबा ठेवला, त्याला फोन टेकवला, समोर खुर्चीत बाबांना बसवलं. आणि मी? मी पलंगाच्या कडेला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बसले. कारण आमच्याकडे नेट दर दहा मिनिटांनी दगा द्यायचं, बाईंचा चेहरा चौकोन-चौकोन होऊन थिजायचा, आणि परत जोडायला कोणीतरी हवं होतं.

नागपूरच्या बाईंचा आवाज शांत होता, वऱ्हाडी वळणाचा, आईच्या माहेरच्या माणसांसारखा. "नमस्कार काका. कसे आहात?" बाबा ताठ बसले. "ठीक." "जेवण होते का नीट?" "होते." मला राहवेना. "बाबा, परवा दोन घास खाऊन उठलात ते सांगा ना. झोपेचं सांगा. पहाटे तीनला उठून बसता ते." बाबा गप्प. मग ते मीच सांगितलं. पालकसभेत पोराच्या वतीनं आईनं बोलावं तशी मी तीन गुरुवार बापाच्या वतीनं बोलले. बाबा कॅमेऱ्याकडे बघत बसायचे आणि नेट थिजलं की बाई थिजल्यात का बाबा, ते पटकन कळायचं नाही.

चौथ्या गुरुवारी बाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही थोडा वेळ बाहेर जाल का?"

"जाते की," मी म्हटलं, "पण लिंक तुटली तर त्यांना जोडता येत नाही ना."

हे खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. मला ऐकायचं होतं. बापाच्या मनात काय आहे ते आपल्या कानांनी ऐकल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. मी जागची हलले नाही. मग बाईंनी विचारलं, "काका, तुमच्याकडे साधा फोन आहे? बटणांचा?"

"आहे."

"त्याचा नंबर सांगा."

बाबांनी नंबर सांगितला. एकेक आकडा, खणखणीत हिंदीत, हजेरीला बिल्ला नंबर सांगावा तसा. त्या चार आठवड्यांत त्यांचा इतका मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

बाई म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी अकरा वाजता मी त्यावर फोन करीन. हिरवं बटण दाबायचं, बस. व्हिडिओ नाही, ॲप नाही."

मी मध्ये पडलेच. तुम्हाला चेहरा दिसायला नको का, तुमच्या नियमात बसतं का, रेंज गेली तर काय? बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, चेहरा दिसला असता तर बरंच होतं, पण काकांचा आवाज मला त्याहून जास्त हवा आहे. वरच्यांना मी विचारते.

पुढच्या गुरुवारी पावणेअकराला मी सवयीनं फोन आणि चार्जर घेऊन मागच्या खोलीकडे गेले. दार बंद होतं. दारावर साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून लटकवला होता आणि त्यावर लाल पेनानं, छापल्यासारख्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं :

मॅन लिमिट : १

मी तो वाचला, पुन्हा वाचला. म्हणजे मला बंदी! नोकरी हलवून, पुण्यातलं घर सोडून मी इथे आले, रोज यांच्यापुढे ताट वाढते, आणि हे माझ्यासाठी पाटी लावतात? मी दार ठोठावायला हात उचलला. तेवढ्यात आत तो जुना फोन वाजला. दोन घंट्या. मग थांबला. आणि बाबांचा आवाज आला, "हां, बोला मॅडम. मी बोलून राहिलो."

मी हात खाली घेतला. का घेतला ते सांगता येणार नाही. मी अंगणात जाऊन पेरूच्या झाडाखाली उभी राहिले. तिथवर शब्द येत नव्हते, फक्त आवाज येत होता. थोडा वेळ काही नाही. मग बाबांचा आवाज. मग बराच वेळ बाबांचाच आवाज. मी जन्मात त्यांना इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं, आईशीसुद्धा नाही. तो आवाज मध्येच चढायचा, मध्येच तुटायचा, थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. एकदा तर मला वाटलं, आत दुसराच कोणी माणूस आहे. तीनशे किलोमीटरवर बसलेली, कधी न भेटलेली एक बाई, आणि तो बटणांचा भंगारात जायच्या लायकीचा फोन, यांनी मिळून माझ्या बापाला बोलतं केलं होतं. मी तिथे उभी होते आणि मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, तरी मी हलू शकत नव्हते. पन्नास मिनिटं झाली. बाबा बाहेर आले, डोळे लाल होते, तांब्याभर पाणी प्यायले आणि अंघोळीला गेले.

दुपारी जेवताना मी रुसून बसले होते. माझं रुसणं लपत नाही. शेवटी मीच बोलले, "मी काय बाहेरची आहे? पाटी कशाला लावली?"

बाबांनी घास ताटात परत ठेवला. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला कारखान्याच्या आतलं काहीतरी सांगितलं.

"भरायच्या खोल्या राहतात ना आत, त्यांच्या दारावर बोर्ड राहते. मॅन लिमिट. आत किती माणसं राहू शकतात त्याचा आकडा. दोन लिहिलं तर दोनच. तिसरा बाहेर. मग तो साहेब का असेना. पाणी द्यायलाही आत नाही यायचं."

"काहून?" बाबांशी बोलताना माझीही भाषा आपोआप जबलपूरची होते.

"काहून म्हणजे? उडालं तर जेवढे आत तेवढेच जातात. ज्याचं काम आहे तो आत. बाकीच्यांनी दूर राहायचं." त्यांनी वाटीतली आमटी ढवळली. "माझ्याजवळ जे होतं ना बेटा, ते तसलंच होतं. तू तिथं बसून राहायची. मी कसं उघडू?"

मी ताट बाजूला सारलं. मी समजत होते की बाबांना फोन जमत नाही, बोलणं जमत नाही, मन उघडणं जमत नाही. हा माणूस चार आठवडे खुर्चीत ताठ बसून मला वाचवत होता. छत्तीस वर्षं त्यानं हेच केलं होतं, धोक्याचं काम आपल्यापाशी ठेवायचं आणि बाकीच्यांना भिंतीपलीकडे. आणि मी ती भिंत होऊ देत नव्हते. मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. बाबांना ऐकू गेलं असणार. त्यांनी बाहेरून एवढंच विचारलं, "ताक देऊ काय?"

त्याच संध्याकाळी बाईंचा मला फोन आला. घरातली सगळी औषधं तुमच्या ताब्यात ठेवा, त्या म्हणाल्या, आणि रोजची गोळी तुम्ही हातात द्या. गुरुवारी घरातच राहा, पण बोलणं ऐकू येणार नाही इतक्या लांब. डॉक्टरांचा नंबर फोनमध्ये वरच ठेवा. रात्री-अपरात्री वाटलं तरी मला कळवा. मी विचारलं, "म्हणजे ते काही बोलले का?" बाई म्हणाल्या, "ताई, ते बोलले ते त्यांचं आहे. तुम्हाला करायचं ते मी सांगितलं." ताकास तूर लागू दिली नाही त्यांनी. मी फोन ठेवला आणि औषधांचा डबा उचलून माझ्या कपाटात ठेवला. कपाटाला कुलूप लावलं. मला जे जाणून घ्यायचं नव्हतं ते मला कळलं होतं.

त्यानंतरचे महिने सरळ गेले असं नाही. एका गुरुवारी टॉवर बंद पडला. बाबा तासभर फोन मांडीवर घेऊन बसले. मी दाराबाहेरून म्हटलं, माझ्या फोनवरून लावून देते आणि निघून जाते, आईशप्पथ. ते म्हणाले, "त्या करतील." बाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी केला. एका गुरुवारी बाबा पाच मिनिटांत बाहेर आले आणि दोन दिवस धड जेवले नाहीत. मी घाबरून बाईंना फोन लावला आणि वाट्टेल तसं बोलले. तुम्ही काय करून ठेवलंत, आधी निदान गप्प तरी होते, असं सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आजच मी काकांना परत फोन करते. आणि ताई, जखम धुताना दुखतेच." मला राग आला होता, पण त्या दिवशी दुपारी बाबांचा फोन वाजला आणि त्यांनी स्वतः उठून दार लावून घेतलं, तेव्हा तो राग कुठच्या कुठे गेला.

हळूहळू गुरुवारची एक रीत पडली. साडेदहाला बाबा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तयार असायचे. कारखान्यात त्या खोल्यांत शिरताना करत असतील तसे खिसे रिकामे करायचे, घड्याळ काढून खिडकीत ठेवायचे, पाटी लटकवायचे. पलीकडच्या माणसाला यातलं काही दिसणार नव्हतं. मी अकराचा वर्ग दुसऱ्या वेळेला हलवला आणि अंगणात बसायला लागले. सुरुवातीला कान तिकडे असायचे. मग लक्षात आलं की त्या आवाजाच्या नुसत्या चढउतारावरूनच मी निर्धास्त होते आहे, शब्दांची गरजच उरली नाही. मी रोज पडद्यावर साठ पोरांना लख्ख बघते, त्यांच्यातल्या कितीजणांच्या मागे, कॅमेऱ्यात न दिसणारं, कोणीतरी पलंगाच्या कडेला बसलेलं असेल, हा विचार माझ्या मनात त्या अंगणात पहिल्यांदा आला. ज्याला यंत्र चालवता येत नाही त्याला मदतीला माणूस लागतो, आणि नेमकं त्याच माणसासमोर बोलता येत नाही, ही गाठ मला एवढं शिकूनही दिसली नव्हती. ती दिसली एका कारखान्यातल्या कामगाराला आणि नागपूरच्या एका बाईला. मला दोघांचंही नवल वाटतं, अजून वाटतं. पावसाळा सरता सरता बाबा दाढी करायला लागले. दसऱ्याला स्वतः बाजारात जाऊन झेंडूची फुलं आणली, आणि जास्त पैसे दिले म्हणून मी बोलले तर उलटून बोलले. मला एवढा आनंद झाला की मी आणखी थोडं भांडून घेतलं.

मग थंडी आली. जबलपुरात थंडीत मटार इतका येतो की घरोघरी अंगणात सालांचे ढीग लागतात. एका गुरुवारी फोन झाल्यावर बाबा अंगणात आले आणि माझ्या शेजारी दुसऱ्या खुर्चीवर बसून मटार सोलायला लागले. ऊन छान होतं. बराच वेळ आम्ही नुसते सोलत होतो.

"त्या मॅडमनं विचारलं," बाबा म्हणाले, "घरात कोणाला माहीत आहे काय? मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, सांगावंसं वाटते काय, पाहा. मी आठ दिवस पाहिलं. आता सांगून राहिलो."

मी हातातली शेंग तशीच धरून राहिले.

"तुझी आई गेल्यावर मला जगायचं नव्हतं. तू आली तेव्हाही नव्हतं. तू ताट वाढायची, मी जेवायचो, तू बोलायची, मी ऐकायचो, अन् मनात तेच राहायचं. तुला कसं सांगू? तू तर माझ्यासाठीच आली होती."

मला एवढंच कळत होतं की ते माझ्या शेजारी बसून हे म्हणत आहेत, उन्हात, साध्या आवाजात, आणि मी ऐकते आहे, आणि आम्ही दोघंही अजून आहोत. पुढचं विचारायची मला भीती वाटली, तरी विचारलं.

"आणि आता?"

बाबांनी लगेच उत्तर दिलं नाही. मला बरं वाटावं म्हणून बोलायचं असतं तर लगेच बोलले असते. त्यांनी मान खाली घातली आणि खरोखरच आठवून पाहिलं, एकेक दिवस मोजावा तसं.

"रोजचं नाही सांगत," ते म्हणाले. "पण आता जगावंसं वाटते, जास्त दिवस. कमी दिवस नाही वाटत."

"आज?"

"आज वाटते," बाबा म्हणाले.